दुधी छत्रीची शहानिशा

माझ्या लहानपणी कोकणात मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की उकिरड्याच्या कडेला, गोठ्यामागच्या ओल्या भिंतीशी आणि कुजत पडलेल्या ओंडक्यांवर रातोरात जे जे काही छत्रीच्या आकाराचे उगवून येई, त्या सगळ्याची बोळवण ‘कुत्र्याची छत्री’ या एकाच नावाने होत असे. त्यातून अपवाद म्हणून वगळली जाई ती फक्त वारुळावर येणारी अळंबी, जिची जागा आमच्या गड्याला ठाऊक असे, जी जागा तो कोणालाही, अगदी घरच्या मालकालाही, दाखवीत नसे, आणि जिचे कालवण पानात पडले म्हणजे ती कुठून आली याची चौकशी करू नये असा घरचा दंडक होता. खाण्याजोगी ती अळंबी आणि उरलेली ती कुत्र्याची, अशा दोन खात्यांत अवघी भूछत्रसृष्टी निकालात काढणारा मनुष्य साठी उलटल्यावर इंग्लंडातल्या एका अरण्यात गुडघे टेकून, डोळ्याला भिंग लावून, एका तपकिरी टोपीतून दूध निघते की नाही हे पाहत बसेल, असे भाकीत कोणी वर्तवले असते, तर मी त्या ज्योतिष्याला दक्षिणा न देताच वाटेला लावले असते.

गतवर्षी ऑक्टोबरात माझा मुक्काम पुतणीकडे, लंडनच्या वायव्येस बकिंगहॅमशायर परगण्यात होता. तिच्या घरापासून फर्लांग-दोन फर्लांगांवर चिल्टर्न टेकड्यांचे बीचवन सुरू होते. या टेकड्यांच्या पोटात खडू आणि माथ्यावर चकमकीचे गोटे मिसळलेली आंबट चिकणमाती. या मातीवरच्या बीच वृक्षांच्या लाकडातून हाय विकम गावच्या खुर्च्यांचे पाय कातले जात, आणि ते कातणारे कारागीर रानातच झोपड्या घालून राहत. तो धंदा मोडला, झाडे राहिली. शरद ऋतूत त्यांचा पाला तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा होतो, आणि त्या पाल्याखालून, आपल्याकडे आश्विनात ओसरत आलेला जो भूछत्रांचा हंगाम, तो तिथे भरात येतो.

एका रविवारी सकाळी पुतणीने मला परिसरातल्या भूछत्रप्रेमींच्या तुकडीत नेऊन सोडले. दहा-बारा माणसे, बहुतेक निवृत्त. मार्गदर्शक म्हणजे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर. त्यांच्याजवळ वेताची करंडी, खिशातला चाकू, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मळकट नोंदवही आणि एक स्वच्छ पांढरा हातरुमाल एवढा सरंजाम होता. रुमाल नाक पुसण्यासाठी नाही, हे मला दुपारी कळले.

या लोकांचा हा छंद आजकालचा नव्हे. हेरफर्ड येथील वूलहोप निसर्गाभ्यासक मंडळाने १८६८ साली भूछत्रांच्या शोधार्थ पहिली सहल काढली, दिवसभर रान तुडवून जमवलेल्या मालाची संध्याकाळी मेजवानी करण्याचा प्रघातही त्याच मंडळाने पाडला, आणि पुढे १८९६ मध्ये ब्रिटिश कवकशास्त्र मंडळ स्थापन झाले. कायदाही या छंदाकडे मायेने पाहतो. इंग्लंडच्या १९६८ च्या चौर्यविषयक कायद्यात असे कलमच आहे, की रानात आपोआप उगवलेली भूछत्रे परक्याच्या जमिनीवरून तोडणे ही चोरी नव्हे, मात्र विक्रीच्या वा मोबदल्याच्या हेतूने तोडल्यास ती चोरी होय. आमचा गडी या कलमाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा असे. अर्थात कलम काहीही म्हणो, बर्नहॅम बीचेस किंवा एपिंग यांसारख्या राखीव रानांत एकही छत्री तोडण्यास मज्जाव आहे. आमच्या रानात तशी मनाई नव्हती, तरी मास्तरांचा शिरस्ता असा, की ओळख पटवण्यापुरते एक किंवा दोनच नमुने उचलायचे आणि खाण्यासाठी काहीच नाही.

अकराच्या सुमारास एका बीचच्या आणि एका ओकच्या मुळ्या जिथे एकमेकींत गुंतल्या होत्या, तिथे शेवाळात मला ती दिसली. टोपी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंद, रंग पावसात भिजून वाळलेल्या जुन्या विटेचा, मधला भाग किंचित खोलगट आणि त्या खोलगटीच्या मध्यावर टाचणीच्या माथ्याएवढे एक टोक. देठ टोपीच्याच रंगाचा, बुडाशी अधिक काळसर. डोळ्यांत भरावे असे तिच्यात काही नव्हते. रानात असल्या तपकिरी छत्र्या शेकड्यांनी असतात, आणि जाणकारही त्यांच्याकडे, सरकारी कचेरीतला कारकून किरकोळ अर्जाकडे पाहतो तसे पाहून पुढे सरकतात. मास्तर मात्र खाली बसले. त्यांनी छत्री उपटली, उलटी केली, आणि टोपीखालच्या पात्यांवर अंगठ्याच्या नखाने हलकेच एक चरा काढला. क्षणभर काहीच नाही. मग चऱ्याच्या काठाने तीन-चार थेंब फुटले, पांढरे म्हणावे तर पांढरे नव्हेत, ताक ठेवून दिले म्हणजे वर जी निवळ येते तिच्यासारखे पातळ, मधे दुधाची एखादी रेघ असलेले.

फणस, पपई, रुई, शेर यांच्या चिकाशी आपला परिचय जन्मापासूनचा. पण भूछत्राला चीक असतो ही वार्ता माझ्या दप्तरी नव्हती. या छत्र्यांच्या मांसात चीक वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचे स्वतंत्र जाळे असते, आणि कुठेही इजा झाली की तो बाहेर येतो. पेर्सून नावाच्या कवकशास्त्रज्ञाने १७९७ साली या कुळाला दुधाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅक्टेरियस’ हे नाव दिले. इंग्रजीत मिल्ककॅप म्हणतात, आपण दुधी छत्री म्हणू. दुसरी खूण मास्तरांनी देठ मोडून दाखवली. सामान्य भूछत्राचा देठ केळीच्या सोपटासारखा उभा सोलला जातो. हा खडूसारखा कट्ट करून आडवा तुटला, कारण याच्या ऊतीत तंतूंबरोबर गोलाकार पेशींचे पुंजके असतात आणि गोट्यांच्या राशीला चिवटपणा कुठून यावा? दूध आणि खडू, या दोन साक्षींवर घराणे निश्चित झाले. आता या घराण्यातही अलीकडे भाऊबंदकी झाली आहे: रेणवीय तपासणीच्या पुराव्यावरून एक शाखा वेगळी काढून तिच्या नावे ‘लॅक्टिफ्लुअस’ असा स्वतंत्र उतारा केला गेला, आणि मास्तरांच्या मते चाळीस वर्षे पाठ केलेल्या नावांचा असा परस्पर फेरफार करणाऱ्यांना वहिवाटीची कदर नाही.

घराणे कळले म्हणून माणूस कळतो असे नाही. दुधी छत्री कोणती, हे विचारण्याआधी ती कोणाच्या दारात उभी आहे हे विचारावे लागते, कारण या छत्र्या झाडांच्या मुळांशी भागीदारीने राहतात. त्यांचे तंतू कोवळ्या मुळांच्या टोकांना मोज्यासारखे वेढतात, जमिनीतले पाणी व खनिजे झाडाला पोहोचवतात, आणि मोबदल्यात झाडाने पानांत शिजवलेली साखर घेतात. भागीदार बहुधा ठरलेला असतो. भूर्जाच्या जातीच्या बर्च वृक्षाखाली झालरीसारखी लोकर लोंबणारी टोर्मिनोसस, बीचखाली बुळबुळीत ब्लेनियस, हेझलखाली जिभेवर निखारा ठेवणारी पायरोगॅलस, पाइनखाली गाजराच्या रसासारखे केशरी दूध देणारी डेलिसिओसस आणि स्प्रूसखाली तिचीच निकृष्ट बहीण डेटेरिमस. यांतल्या केशरी दुधाच्या छत्रीचे भाग्य थोर: हर्क्युलेनियम या गाडल्या गेलेल्या रोमन नगरातल्या भित्तिचित्रात तिचीच आकृती आहे असे मानतात, आणि कॅटलोनियात आजही तिच्यासाठी माणसे भल्या पहाटे डोंगर चढतात. आपली कोकणी अळंबी वाळवीच्या घरची. वारुळात वाळवीने जोपासलेल्या बुरशीला फुटलेला तो कोंब. तिची वाट वारुळाकडे जाते, दुधी छत्रीची मुळाकडे. भारतात दुधी छत्र्या पाहायच्या तर कुमाऊँच्या बांज-ओकांत आणि चिडाच्या रानात जावे. तिथल्या जातींची वर्णने भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी तपशीलवार केलेली आहेत.

आमच्या छत्रीने मात्र एक पाय बीचच्या आणि एक ओकच्या दारात ठेवल्याने झाडाची साक्ष संदिग्ध ठरली. म्हणून मास्तरांनी रुमाल काढला. चिकाचा एक ठिपका त्यावर टेकवला आणि घड्याळ पाहिले. हवेत काही पळांतच पिवळे होणारे दूध असेल तर ओकखालची क्रायसोर्हियस, आणि हवेत पांढरे राहून रुमालावर सावकाश पिवळे पडणारे असेल तर ओलसर जागी, बहुधा बर्चखाली येणारी टॅबिडस. अशी दोन नावे त्या रुमालाने खोडायची होती. पाच मिनिटे आम्ही सारे, मयताच्या घरी बसावे तसे, गप्प बसून एका ठिपक्याकडे पाहत होतो. ठिपका पांढराच राहिला.

मग चव. इथे एक गोष्ट निक्षून सांगतो, की जिभेच्या टोकाला थेंब लावून लगेच थुंकून टाकण्याची ही परीक्षा जाणकार मंडळी कुळ निश्चित झाल्यानंतरच करतात, आणि ज्या रानात यकृताचा नाश करणारी ‘डेथ कॅप’ उगवते त्या रानात अनोळखी भूछत्र जिभेला लावणे हा परीक्षेचा मार्ग नव्हे. चांदीचे नाणे काळे पडते की नाही हे पाहण्याची आपल्याकडची कसोटी तर निव्वळ खोटी आहे. मास्तरांनी थेंब चाखला, थुंकला आणि मिनिटभर थांबले. थांबण्याचे कारण असे, की पाइनखालची रूफस नावाची दुधी छत्री पहिला मिनिट सौम्य वाटते आणि मग लवंगी मिरचीसारखी उसळते. या तिखटपणामागचे रसायन मास्तरांनी वर्गात उभे असल्यासारखे समजावले: कित्येक तिखट जातींच्या अखंड मांसात एक सौम्य मेदयुक्त द्रव्य असते, आणि पेशी फुटताक्षणी विकरांची क्रिया होऊन काही सेकंदांत त्याचे आयसोव्हेलरल व व्हेलरल ही झणझणीत द्रव्ये बनतात, म्हणजे मोहरी जशी रगडल्यावाचून नाकात चढत नाही, तशी ही छत्रीही दुखावल्यावाचून तिखट होत नाही, आणि तिला कुरतडणाऱ्या प्राण्याला हे तात्काळ कळते. आमच्या छत्रीची चव सौम्य निघाली, शेवटी किंचित कडसर.

राहिला वास, आणि या विषयात माझ्या कुवतीचा असा साक्षीदार त्या तुकडीत दुसरा कोणी नव्हता, असा माझा समज झाला. झाले असे, की मास्तरांच्या पुस्तकात दुधी छत्र्यांची इंग्रजी नावे वाचताना मी थक्क झालो होतो: एक ‘कोकोनट मिल्ककॅप’, म्हणजे सुक्या खोबऱ्याच्या वासाची, एक ‘फेनुग्रीक मिल्ककॅप’, म्हणजे मेथ्यांच्या वासाची, एक ‘करी मिल्ककॅप’, आणि एक ‘ओकबग मिल्ककॅप’, जिचा वास ढेकणासारखा असल्याचे जुने अभ्यासक लिहून गेले आहेत. पुस्तक इंग्रजी आणि फडताळ मात्र आमचे! तुकडीतल्या मंडळींपैकी एकानेही ढेकणाचा वास कधी घेतलेला नव्हता. ते पुस्तकावर विश्वासून होते. माझी गोष्ट निराळी. गिरगावच्या चाळीत मी सतरा वर्षे काढली आहेत. रविवारी खाटा गच्चीवर उन्हात टाकून त्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याचे काम माझ्याकडे असे, आणि रात्री दिवा न लावता, केवळ चिरडल्याच्या वासावरून, उशीखाली काय होते हे सांगता येई. मी छत्री नाकाशी धरली. तेलकट, रबरासारखा, जरा उग्र आणि निःसंशय ओळखीचा वास आला. सतरा वर्षांचा अनुभव पणाला लावून मी निकाल दिला: ढेकूण, सबब ओकबग, सबब लॅक्टेरियस क्वायटस. जवळ ओकही हजर होता.

मंडळींनी माझ्याकडे आदराने पाहिले. मास्तरांनी नोंदवहीत माझा निकाल शब्दशः उतरवला, पण पेन्सिलीने. शाईने का नाही, हे विचारायचे मला सुचले नाही. त्यांनी एवढेच म्हटले, की क्वायटसच्या टोपीवर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी फिकट-गडद वर्तुळे असतात, ती इथे दिसत नाहीत, आणि तिचे दूध सायीच्या रंगाचे असते, असे निवळीसारखे नव्हे. परंतु लहान नमुन्यात फरक असू शकतो. मग एक छत्री त्यांनी आपल्याकडे ठेवली, दुसरी कागदी पिशवीत घालून मला दिली, आणि रात्रभर ती घरातल्या तापवण्याच्या नळीवर ठेवा, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणी जिना उतरत उतरतच ओरडली, “काका, एवढ्या पहाटे मेथ्या कशाला भाजायला घेतल्यात?”

मी काहीही भाजत नव्हतो. मी दिवाणखान्यात चहाचा पेला घेऊन बसलो होतो आणि माझ्या मागे नळीवरची ती पिशवी सबंध घरभर बोलत होती. पिशवी उघडली. छत्री सुकून सुपारीच्या खांडाएवढी झाली होती आणि तिच्यातून ढेकूण समूळ नाहीसा झाला होता. त्याच्या जागी जो वास आला तो मी नीट ओळखतो: भाजलेल्या मेथ्या, थोडी डाळ, थोडी हळद, पत्र्याचा डबा. इंग्रज त्याला करी म्हणतो, कारण त्याच्या बाजारी करीच्या भुकटीत मेथीचे वर्चस्व असते. आमच्या घरी त्याला मेतकूट म्हणतात.

हे कसे घडते, याचे उत्तर सोटोलॉन नावाच्या एका द्रव्याच्या आसपास आहे. मेथीच्या दाण्यांचा खमंग वास मुख्यतः त्याचा. बाळंतिणीने मेथ्या खाल्ल्या म्हणजे बाळाच्या अंगालाही कधी तोच वास येतो, आणि परदेशी डॉक्टरांना त्यावरून एका दुर्धर आनुवंशिक विकाराची शंका येऊन धावपळ उडाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. आपल्याकडच्या सुईणीला हसू आले असते. हेच सोटोलॉन मेथीगंधी दुधी छत्रीत, म्हणजे हेल्वसमध्ये, सापडले आहे. आणि कॅलिफोर्नियात वाळवून बिस्किटांत व आइस्क्रीममध्ये घालतात त्या रुबिडस नावाच्या तिच्या नातलगात ताजेपणी एक दुसरेच द्रव्य असते, ज्याचे वाळताना सोटोलॉन बनते. ओल्यात मूक आणि सुक्यात वाचाळ अशी ही जात आहे. तिच्या नावाचा पत्ता मात्र चुकला आहे: अठराव्या शतकातल्या ब्युलियार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने करीवाल्या छत्रीचे नाव ‘कॅम्फोरेटस’, म्हणजे कर्पूरगंधी, ठेवले. त्या गृहस्थांना तिच्यात कापूर कुठे सापडला, हे मला वारंवार हुंगूनही उमगलेले नाही, परंतु आदल्या दिवशी ढेकणावर निकाल देऊन बसलेल्या मनुष्याने दुसऱ्याच्या नाकाबद्दल जपून बोलावे हे बरे.

मेथीचा वास आला म्हणजे मामला मिटला, असेही नव्हते. हेल्वसलाही मेथीचाच वास, दूधही तसेच पाण्यासारखे. आणि ती विषारी. १९४९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या लाइपझिगच्या परिसरात ती खाऊन चारशेहून अधिक माणसे एकाच वेळी आजारी पडली होती. स्वयंपाकघरातल्या ओळखीच्या वासाला खाद्यतेचा दाखला समजणाऱ्यांनी एवढे लाइपझिग ध्यानात ठेवावे. सुदैवाने ती आकाराने मोठी, रंगाने फिकट, बनातीसारख्या लवदार टोपीची, आणि पाइन-बर्चखालच्या दलदलीत शेवाळावर राहणारी. आमच्या विटकरी, गुळगुळीत, चिमुकल्या छत्रीशी तिचा हुलिया जुळत नव्हता.

संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. त्यांच्याजवळच्या छत्रीची टोपी त्यांनी रात्रभर काचेवर पालथी ठेवली होती, आणि काचेवर बीजाणूंचा सायीच्या रंगाचा ठसा उमटला होता. जेवणाच्या मेजावरच सूक्ष्मदर्शक. ठशातली चिमूटभर भुकटी मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात घालून त्यांनी मला नळीला डोळा लावायला सांगितले. मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजले तर सात-आठ भरतील असे जवळजवळ गोल बीजाणू, आणि प्रत्येकावर आयोडीनने निळेकाळे झालेले काटे, सुटे सुटे, धोत्र्याच्या बोंडासारखे. क्वायटसच्या बीजाणूंवर कंगोरे असतात आणि ते एकमेकांना जोडले जाऊन जाळीचा भास होतो. इथे जाळी नव्हती. मास्तरांनी पुस्तकातले चित्र माझ्यापुढे सरकवले आणि काही बोलले नाहीत. मुलांना शिकवण्यात उमर गेलेल्या माणसाला केव्हा गप्प बसावे हे कळते.

मी त्यांना विचारले, की ताजेपणी ढेकणाचा वास आला तो माझा भ्रम होता काय. ते म्हणाले, भ्रम नव्हे. कॅम्फोरेटस ताजी असताना पुष्कळांना तोच वास येतो आणि तसे लिहूनही ठेवलेले आहे, म्हणूनच नोंद पेन्सिलीची होती आणि म्हणूनच पिशवी तुमच्याबरोबर दिली.

त्यांनी नोंदवही काढली, पेन्सिलीची ओळ न खोडता तिच्याखाली शाईने ‘लॅक्टेरियस कॅम्फोरेटस’ लिहिले, झाड, माती, तारीख भरली, आणि गंधाच्या रकान्याशी थांबून मला विचारले, करी लिहू का? मी नको म्हटले. त्या परगण्यातल्या त्या वर्षीच्या नोंदवहीत, एका दुधी छत्रीपुढे, ताज्या अवस्थेच्या रकान्यात ‘ढेकूण’ आणि सुक्या अवस्थेच्या रकान्यात ‘मेतकूट’ असे आमच्या भाषेतले दोन शब्द रोमन लिपीत लिहिलेले आहेत. दुसऱ्याचे स्पेलिंग मी सांगितले.